शिळ्या निवडणुकांची पुस्तकं

न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या वाचनालयात वर्षातून दोनदा जुन्या पुस्तकांचा सेल लागतो. शेवटच्या दिवशी पाच डॉलरला पिशवीभर पुस्तकं. स्वयंपाकाच्या आणि रहस्यकथांच्या टेबलांवर झुंबड असते, मुलांच्या पुस्तकांचा तर तासाभरात फडशा पडतो. राजकारणाच्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही, आणि त्यातही जुन्या अध्यक्षीय निवडणुकांवरची जाडजूड पुस्तकं अगदीच बेवारशी पडलेली असतात. निकाल लागून पन्नास-साठ वर्षं झाली, उमेदवार गेले, त्यांना मतं देणारेही बरेचसे गेले. शिळ्या कढीला ऊत आणायचा कोणी?

मी आणतो. इथलं नागरिकत्व घेतल्यावर पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली तेव्हा थोडा अभ्यास असावा म्हणून सुरुवात केली, आणि मग खोड लागली. अशी पुस्तकं वाचून राजकारण कळतं, असा समज आहे. माझा अनुभव जरा वेगळा आहे. या पुस्तकांत जे लिहिलंय त्याच्यापेक्षा जे सुटलंय त्यासाठी ती वाचावीत असं माझं मत होत गेलं. उमेदवाराच्या विमानात जागा मिळालेला, त्याच्या हॉटेलच्या खोलीत उठबस असलेला, हुशार आणि बहुतेक वेळा प्रामाणिक माणूस डोळ्यांसमोरची गोष्ट कशी चुकतो, हे त्यांत छापून ठेवलेलं असतं. आपण तर सगळं फोनच्या पडद्यावर बघणारे.

सुरुवात थिओडोर व्हाइटपासूनच करावी लागते. बॉस्टनमधल्या गरीब ज्यू घरातला, लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रं विकलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये वार्ताहर होता. १९४३ च्या हेनानमधल्या दुष्काळाची बातमी त्याने जगापुढे आणली. १९६० ची डेमोक्रॅट केनेडी विरुद्ध रिपब्लिकन निक्सन निवडणूक त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठीमागे फिरून पाहिली आणि पुढच्या वर्षी ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०’ हे पुस्तक काढलं. त्याला १९६२ चं पुलित्झर मिळालं. त्याआधी निवडणुकीचं वार्तांकन म्हणजे कोण कुठे काय बोलला याची जंत्री असे. व्हाइटने त्याची कादंबरी केली. सुरुवातच बघा: न्यू हॅम्पशायरमधलं हार्ट्स लोकेशन नावाचं चिमुकलं खेडं, मध्यरात्री मतदान, मतदार एकूण बारा. केनेडींच्या माणसांनी आधीच जाऊन अंदाज घेतलेला की पाच आपले, पाच निक्सनचे आणि दोघांचं अजून ठरत नाही. बाराही जणांना केनेडींच्या सहीचा फोटो गेलेला.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि इथेच सावध व्हायला हवं. कारण पुढची चारेकशे पानं असंच वाटत राहतं की केनेडींचं यंत्र इतकं नेटकं होतं की ते जिंकणारच होते. प्रत्यक्षात सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांमध्ये फरक सव्वा लाखाच्याही आत होता. निक्सननी पन्नासच्या पन्नास राज्यांत जाण्याचा शब्द दिला होता. तो पाळण्यासाठी शेवटच्या रविवारी ते अलास्काला गेले आणि केनेडी तेव्हा दाट वस्तीच्या राज्यांत सभा घेत होते. आपण वाचतो आणि म्हणतो, काय हा मूर्खपणा! पण थोडी मतं इकडची तिकडे झाली असती, तर याच अलास्काच्या फेरीचं वर्णन शब्दाला जागणारा नेता म्हणून झालं असतं आणि केनेडींच्या भावांचा तोच नेटकेपणा श्रीमंतांचा माज ठरला असता. निकाल आधी लागतो, कारणं मागून जमवली जातात. दर निवडणुकीनंतरच्या सकाळी टीव्हीवर बसलेली मंडळी ‘हे होणारच होतं’ असं सांगू लागली की मला अलास्का आठवतं.

त्या पुस्तकात उत्तम असंही बरंच आहे, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. वेस्ट व्हर्जिनियातल्या प्राथमिक निवडणुकीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या लढतीचं प्रकरण आजही वाचण्यासारखं आहे. एकीकडे केनेडींचं खासगी विमान, दुसरीकडे ह्युबर्ट हम्फ्रींची खडखडणारी बस. शेवटी शेवटी टीव्हीवरच्या वेळेचे पैसे आगाऊ मागितले तेव्हा हम्फ्री स्वतःचं चेकबुक काढून घरखर्चाच्या पैशांतून चेक फाडतात. पैसा आणि मत यांचं नातं सांगायला मी यापेक्षा चांगला प्रसंग वाचलेला नाही. ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात असताना केनेडींनी त्यांच्या पत्नीला केलेला फोनही व्हाइटने टिपला. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण मतदानाआधीच्या रविवारी काळ्यांच्या चर्चबाहेर त्या फोनची पत्रकं लाखोंनी वाटली गेली. निवडणूक फिरवणारी गोष्ट कुठे घडत होती आणि कॅमेरे कुठे होते, याचा हिशोब त्या दोन-तीन पानांत आहे.

त्याच पुस्तकाने एक समजही पक्का केला. २६ सप्टेंबर १९६० च्या शिकागोतल्या पहिल्या वादसभेत टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन. ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगतात. १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी हिचा माग काढला, तेव्हा हाती लागली ती एक लहानशी पाहणी, जिच्यावर एवढा मोठा डोलारा उभा राहायला नको होता. गोष्ट छान आहे म्हणून टिकली. व्हाइट स्वतः याबाबतीत अट्टल होता. केनेडींच्या हत्येनंतर आठवड्याभरात जॅकलिन केनेडींनी त्याला बोलावून घेतलं आणि त्या राजवटीला ‘कॅमेलॉट’ (दंतकथेतल्या आर्थर राजाचा वैभवशाली दरबार) म्हणण्याची कल्पना त्याच्या गळी उतरवली. त्याने ती ‘लाइफ’ मासिकात छापली, जगाने उचलली. पुढे १९७८ च्या आत्मचरित्रात त्याने कबुली दिली की तो इतिहासाचा चुकीचा अर्थ होता, तसलं कॅमेलॉट कधी नव्हतंच. पंधरा वर्षांनी.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. बखरी रसाळ असतात, पण एखादं अस्सल चिटोरं पुढे आलं की बखरीचं मोल उतरतं, असं इतिहासाचार्य राजवाडे बजावत राहिले. व्हाइट हा अमेरिकन निवडणुकांचा बखरकार. त्याच्या १९६८ च्या निवडणुकीवरच्या खंडाला असं चिटोरं सापडलं त्याची हकीकत सांगतो, कारण या सगळ्या लेखाचं कारण तीच आहे.

१९६८ च्या ऑक्टोबरअखेर अध्यक्ष जॉन्सन व्हिएतनाममधली बॉम्बफेक थांबवून पॅरिसमधल्या वाटाघाटी पुढे नेण्याच्या बेतात होते. तसं झालं तर फायदा त्यांचे उपाध्यक्ष आणि निक्सनविरुद्धचे डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्री यांचा. ऐन वेळी दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने वाटाघाटींना यायला नकार दिला. निक्सनच्या बाजूच्या ॲना शेनॉल्ट नावाच्या बाई ‘थांबा, आमच्याकडून तुम्हाला जास्त चांगलं मिळेल’ असा निरोप दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगॉनला पोचवत होत्या. जॉन्सनना गुप्तहेरांकडून हे कळलं होतं. निक्सननी फोनवर त्यांच्याजवळ साफ कानांवर हात ठेवले. आता गंमत अशी, की व्हाइटला या भानगडीचा पत्ता होता. त्याने पुस्तकात ती लिहिलीसुद्धा. पण निक्सनच्या कचेरीतली मंडळी हे ऐकून इतकी संतापली, हादरली, की ते नाटक असणं शक्य नाही, असं सांगून त्याने त्यांना निर्दोष सोडलं. आपण स्वतः त्यांचे चेहरे पाहिलेत, हा त्याचा पुरावा.

जवळपास अर्धशतक गेलं. मग निक्सनचे उजवे हात हॅल्डमन यांच्या टिपणांत एका चरित्रकाराला २२ ऑक्टोबर १९६८ ची नोंद सापडली आणि २०१७ च्या सुमारास ती गाजली. निक्सनशी फोनवर बोलताना खरडलेली ती सूचना होती: शेनॉल्टबाईंना दक्षिण व्हिएतनामवर काम करत ठेवा. तेव्हा निक्सनना जाऊन वीसहून अधिक वर्षं झाली होती, आणि युद्ध १९६८ नंतर आणखी काही वर्षं चालून त्यात हजारो अमेरिकन आणि त्याहून कितीतरी जास्त व्हिएतनामी माणसं मेली होती. वाटाघाटी झाल्या असत्या तर युद्ध थांबलंच असतं असं मी म्हणणार नाही. सायगॉनला त्या नकोशाच होत्या. पण मतदान केंद्रात गेलेल्या ७ कोटींहून जास्त माणसांना हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्या लेखकाने चेहरे वाचून निकाल दिला होता. उमेदवाराला जवळून पाहिल्याने तो कळतो, या समजुतीवर आजच्या मुलाखती, पॉडकास्ट, तीन-तीन तासांच्या गप्पा उभ्या आहेत. ‘अगदी आपल्यातला वाटला’ म्हणून मत ठरवणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, अगदी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही.

त्याच निवडणुकीवर जो मॅकगिनिस या सव्विशीतल्या पोराने ‘द सेलिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६८’ लिहिलं. मुखपृष्ठावर सिगारेटचं पाकीट आणि त्यावर निक्सनचा चेहरा. त्याने आधी हम्फ्रींच्या जाहिरात कंपनीला विचारलं होतं. त्यांनी वाटेला लावल्यावर तो निक्सनच्या लोकांकडे गेला आणि त्यांनी खुशाल आत घेतलं. या पुस्तकात २८ वर्षांचा एक टीव्ही निर्माता आहे. शहराशहरांत तो ‘सामान्य नागरिक निक्सनना थेट प्रश्न विचारतात’ असे कार्यक्रम बसवतो. प्रश्नकर्ते निवडून घेतलेले, टाळ्या वाजवायला पक्षाने भरून आणलेले प्रेक्षक, पत्रकारांना स्टुडिओत मज्जाव. एका कृष्णवर्णीय माणसाला घ्यायचं, दोन नको, याचीही चर्चा होते. निक्सनच्या भाषणलेखकाचं एक टिपण पुस्तकाच्या शेवटी दिलंय, त्याचा मथितार्थ असा की माणूस बदलायची गरज नाही, लोकांच्या मनातला त्याचा ठसा बदलायचा. त्या २८ वर्षांच्या निर्मात्याचं नाव रॉजर एल्स. १९९६ मध्ये त्यानेच माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्यासाठी फॉक्स न्यूज उभं केलं. १९६९ मध्ये हे पुस्तक वाचलेल्या माणसाला त्या वाहिनीची घडण बघून नवल वाटण्याचं कारण नव्हतं.

म्हणून ‘आता सगळं मोबाइलवर चालतं, १९६८ चा काय संबंध?’ हा आक्षेप मला फारसा टोचत नाही. तंत्र नवं असतं, बनाव जुनाच असतो. मॅकगिनिसला मात्र दुसरा प्रश्न विचारायला हवा. एवढी चकचकीत जाहिरातबाजी चालू असताना निक्सनची आघाडी वाढली की घटली? घटली. सप्टेंबरात हम्फ्री हरल्यात जमा होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतून त्यांनी बॉम्बफेक थांबवण्याची भाषा केली आणि तिथून ते सावरत गेले, ते शेवटी एक टक्क्यापेक्षा कमी मतांनी पडले. म्हणजे विकणारे आपापल्या परीने हुशार होते, पण गिऱ्हाईक त्यांना वाटलं तितकं बावळट नव्हतं. पुस्तकात व्हिएतनाम जवळजवळ नाही, तिसरा उमेदवार जॉर्ज वॉलेस आणि त्याचा वर्णद्वेष कडेकडेने येतो. स्टुडिओत बसलेल्याला सगळी निवडणूक स्टुडिओतच घडल्यासारखी वाटली. आज ‘अमुक ॲपने निवडणूक जिंकून दिली’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं की मी हे आठवतो.

१९७२ बद्दल थोडक्यात. टिमथी क्राउझने उमेदवारांऐवजी त्यांच्यामागे बसमधून फिरणाऱ्या वार्ताहरांवर ‘द बॉइज ऑन द बस’ लिहिलं. एका वादसभेनंतर बाकीचे वार्ताहर असोसिएटेड प्रेसच्या वॉल्टर मिअर्सभोवती जमून ‘वॉल्टर, आपली लीड (बातमीची सुरुवात) काय?’ असं विचारतात, हा त्यातला प्रसंग. सगळ्यांची बातमी सारखी का असते, ते तिथे कळतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले सिनेटर मस्की बर्फात उभे राहून बायकोची बाजू मांडताना रडले अशी बातमी झाली; गालावर आसवं होती की वितळलेला बर्फ, हे आजवर ठरलेलं नाही. मस्कींनी न्यू हॅम्पशायर ४६ विरुद्ध ३७ टक्क्यांनी जिंकलं, तरी ते हरले असंच सगळ्यांनी लिहिलं, कारण त्यांनी जास्त मतं मिळवायला हवी होती म्हणे! ती बातमी देणाऱ्यांतले एक डेव्हिड ब्रोडर. त्यांनी पुढे लिहिलं की हे प्रकरण आपल्याला अजून सलतं. निक्सनची माणसं मस्कींना पाडायला काय काय उद्योग करत होती, ते तेव्हा बसमधल्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १७ जूनला वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत चोर पकडले गेले तेव्हा ती भानगड खणली ती शहराच्या बातम्या बघणाऱ्या दोन पोरगेल्या वार्ताहरांनी, आणि ते बसमध्ये नव्हते. नोव्हेंबरात निक्सननी ४९ राज्यं जिंकली. व्हाइटने त्या विजयाचाही कौतुकाने ग्रंथ केला आणि १९७५ मध्ये निक्सनच्या पतनावर दुसरा लिहायची पाळी त्याच्यावर आली. क्राउझच्या पुस्तकात व्हाइटचा आणखी एक कबुलीजबाब आहे. निक्सनविरुद्धचे डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या खोलीत वार्ताहर उमेदवाराच्या बारीकसारीक हालचाली टिपत बसलेले पाहून तो वैतागला. ही पद्धत बहुधा आपणच काढली आणि आता तिचा मनापासून पश्चात्ताप होतो, कोणी न्याहारीला काय खाल्लं याच्याशी कुणाला काय देणंघेणं, असं म्हणाला. मला व्हाइट आवडतो तो अशा जागांमुळे.

हरलेल्यांची पुस्तकं हा वेगळाच खजिना आहे. रिचर्ड बेन क्रेमरने १९८८ च्या सहा उमेदवारांवर हजाराहून जास्त पानांचा ‘व्हॉट इट टेक्स’ लिहिला. तो यायला १९९२ उजाडलं, पुढची निवडणूक ऐन भरात होती, आणि आधीच्या वेळी बहुतेक पडलेल्याच माणसांवर एवढी पानं कोण वाचणार? टीकाकारांनी नाकं मुरडली. त्या पडलेल्यांत एक जो बायडन होते, ब्रिटिश नेते नील किनक यांचं भाषण उचलल्याच्या बोभाट्यामुळे सप्टेंबर १९८७ मध्येच बाहेर पडलेले. त्यांचं घर, त्यांची जिद्द, आपल्यालाच हे जमेल हा त्यांचा ठाम विश्वास, कुटुंबाचा गोतावळा, सगळं त्यात सविस्तर आहे. क्रेमर २०१३ मध्ये वारला. बायडन २०२१ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्या माणसाचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास तीस वर्षं सेलच्या टेबलांवर पडून होता. विजेत्यावर लिहिताना लेखकाचा हात विजयाच्या दिशेने वळतो, पराभूतावर लिहिताना त्याला काही सिद्ध करायचं नसतं.

एक व्यवहारी फायदाही सांगून टाकतो. २०२४ च्या जुलैत बायडन बाजूला झाले आणि कमला हॅरिस एकही प्राथमिक निवडणूक न जिंकता उमेदवार झाल्या, तेव्हा आमच्याकडे एका जेवणात दोन बाजूंची खडाजंगी झाली. एकाच्या मते हा लोकशाहीचा खून होता, दुसऱ्याच्या मते असं नेहमीच होतं. दोघेही चूक. १९६८ मध्ये हम्फ्री प्राथमिक निवडणुकांत न उतरताच उमेदवार झाले होते. त्यावरून पक्षाच्या शिकागोतल्या अधिवेशनात झालेल्या रणकंदनानंतरच नियम बदलले आणि उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मतदारांकडे आला. १९६० मध्ये तर मोजक्या राज्यांत प्राथमिक निवडणुका होत, बाकीचा सौदा पुढाऱ्यांच्या खोल्यांत ठरे. आज जी पद्धत आपल्याला घटनेइतकी जुनी वाटते ती माझ्या वयाची आहे. हे बोललो तर जेवण गार झालं म्हणून बायको रागावली.

कोणी म्हणेल, कागदपत्रं खुली झाल्यावर इतिहासकार लिहितातच की, मग समकालीनांच्या चुका कशाला चिवडायच्या? कारण इतिहासकाराला शेवट माहीत असतो आणि हॅल्डमनची वही त्याच्या हातात असते. मतदाराकडे दोन्ही नसतं. त्याची अवस्था व्हाइटसारखीच: समोरचे चेहरे, कानावर आलेलं, आणि एक ठरलेली तारीख. त्या अवस्थेत शहाणी माणसं काय पाहतात, काय पाहायचं टाळतात, हे बघायचं तर त्याच अवस्थेत लिहिलेलं वाचायला हवं. आणि वाचताना लेखक कुणाच्या पंक्तीला बसला होता ते आधी बघायचं. नॅथॅनिअल हॉथॉर्नसारख्या थोर कादंबरीकाराने १८५२ मध्ये कॉलेजातला मित्र फ्रँकलिन पिअर्ससाठी प्रचारचरित्र लिहिलं, त्यात गुलामगिरीचा प्रश्न अलगद बाजूला सारला. पिअर्स निवडून आले आणि हॉथॉर्न लिव्हरपूलला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून गेला.

१८६० मध्ये २३ वर्षांच्या विल्यम डीन हॉवेल्सने लिंकनचं तसंच चरित्र लिहिलं. तो लिंकनना भेटायलासुद्धा गेला नाही, माहिती आणायला दुसऱ्यालाच धाडलं. पुढे त्यालाही व्हेनिसमध्ये वाणिज्यदूताचं पद मिळालं. त्या पुस्तकाची एक प्रत लिंकनच्या एका वकील मित्राकडे होती. त्याने ती त्यांच्यापुढे ठेवली आणि चुका दुरुस्त करून द्या म्हणाला. प्रचार ऐन रंगात होता, पुस्तक त्यांच्या भल्यासाठीच लिहिलं होतं, त्यातल्या थोरवीच्या कथा मतं आणणाऱ्या होत्या. लिंकननी पेन्सिल घेतली. तरुण आमदार लिंकन इलिनॉय राज्याच्या तेव्हाच्या राजधानीला, व्हँडेलियाला पायी चालत गेले, असं हॉवेल्सने रंगवून लिहिलं होतं. त्या जागी समासात त्यांनी लिहिलं: खरं असतं तर बिघडलं नसतं, पण ते खरं नाही.